मागच्या बाकावरचं अस्वल

हकलबेरीची, म्हणजे रानातल्या जांभळ्या बेऱ्यांची, पाई मी पिकअपच्या मागच्या फळीवर ठेवली आणि संडासात कागदाची गुंडाळी भरायला गेलो. परत आलो तेव्हा पाई नव्हती, ताटही नव्हतं, आणि एक पिंगट ढुंगण घाईघाईने झुडपांत शिरत होतं. 'अन्न उघड्यावर ठेवू नका, अस्वलं येतात' ही पाटी त्याच सकाळी त्याच संडासाच्या दारावर मीच ठोकली होती.

पाई मिसेस टोस्ट्रूड यांच्या हातची. मी जिथे कामाला आहे तो उद्यानातला अख्खा तंबूतळ त्यांना लोरीन म्हणतो, मला ते जमत नाही. मॉन्टानातल्या आमच्या गव्हाच्या गावात शाळेची बस त्यांनीच चालवली. ज्या बाईने आपलं नाक पुसलंय तिला नावाने हाक मारायला जीभ रेटत नाही.

निवृत्त झाल्यापासून बाई आणि त्यांचे आर्विड दर उन्हाळ्यात घरगाडी ओढत या उद्यानात येतात आणि तंबूतळाचे यजमान होतात. पगार नाही. मोबदला म्हणजे वीज, पाणी आणि संडासाचा वारा येत नाही अशी एक जागा. कामं मात्र भरपूर: चुलीतली राख काढा, भांडणं मिटवा, हरणासोबत फोटो काढायला निघालेल्यांना मागे ओढा. यजमान म्हणून जाकिटं दोघांनाही मिळालीत, पण यजमानी बाईंची. आर्विडना एकाच कानाने ऐकू येतं, आणि तो कान बायकोच्या बाजूला येणार नाही असे ते बसतात.

"पाई कशी झाली होती?" बाईंनी संध्याकाळी विचारलं.

"ज्याने खाल्ली त्याने ताटसुद्धा ठेवलं नाही."

बाई हसल्या नाहीत. "अस्वल? केवढं?"

"लहानच. पिंगट."

"म्हणजे यंदाच आईपासून सुटलेलं." त्यांनी हातातली घासणी खाली ठेवली. "अरे पोरा, त्याला तू माझ्या हातची चव लावलीस."

दुसऱ्या दिवशी रेंजर डेनिंगबाई नळकांड्यासारखा लोखंडी पिंजरा गाडीला जोडून घेऊन आल्या आणि फाटकापाशी उभा करून ठेवला. "एकदा मिळालं ते मिळालं," त्या म्हणाल्या. "पुन्हा या तळावर त्याला खायला मिळालं तर पिंजरा लावावा लागेल. माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं अस्वल सुधारत नाही. पिंजऱ्यातून त्याला कुठे नेतात ते मला विचारू नका."

आम्हाला ठाऊक होतं.

"चूक या पोराची आणि गोळी अस्वलाला?" आर्विड म्हणाले. नको तेव्हा त्यांना बरोबर ऐकू येतं.

"बसमध्येही हेच व्हायचं," बाई म्हणाल्या. "काडी लावणारा पुढे शहाण्यासारखा बसायचा आणि सापडायचा मागच्या बाकावरचा." तेव्हापासून त्या अस्वलाचं नाव 'मागच्या बाकावरचा' पडलं. काडी लावणारा कोण, हे सांगायची गरज नव्हती.

आमच्याकडे शाळेच्या बसचा एक नियम आहे. फेरी संपली की चालकाने उठून शेवटच्या बाकापर्यंत चालत जायचं आणि प्रत्येक बाकाखाली वाकून बघायचं. डबा राहिला असेल, मूल झोपलं असेल. (मी झोपायचो.) बाईंनी तोच नियम तळाला लावला. त्यांच्या बॅटरीवरच्या छोट्या गाडीला जुन्या बसचा मोठा आरसा बसवलेला होताच. रोज जेवणं उरकली की त्या फेरीला निघत. प्रत्येक टेबलाखाली वाकून बघायचं आणि वास येणारं सगळं लोखंडी पेटीत बंद करायला लावायचं.

"बाई, टूथपेस्ट कुठलं अस्वल खातं?" टेक्सासचा एक आडवातिडवा गृहस्थ म्हणाला.

"पुदिन्याची आहे ना? त्याचे दात चमकतील, तुमचा तंबू राहणार नाही. पेटीत टाका."

त्याने टाकली. ऑगस्टभर मागच्या बाकावरचा अधूनमधून डोकावून गेला, पण त्याला चाटायलाही काही मिळालं नाही.

मग सप्टेंबरातली जोडून आलेली सुट्टी उजाडली. तळ खचाखच भरला. बाईंचा गुडघा सुजला होता, म्हणून फेरी मी मारली.

"झालं सगळं," मी येऊन सांगितलं.

"शेवटपर्यंत गेलास?"

"शेवटच्या जागेवर कोणी नाहीये. ती माणसं कुत्र्याला घेऊन सरोवरावर गेलीत."

"म्हणजे गेला नाहीस." बाई लंगडत निघालेल्या. मी मुकाट्याने मागे.

शेवटच्या टेबलाखाली कुत्र्याच्या खाण्याची वाटी होती, शिगोशीग भरलेली. बाईंनी वाकून ती उचलली आणि सरळ उभ्या राहिल्या, तर समोरच्या सूचिपर्णी फरच्या झाडांतून मागच्या बाकावरचा बाहेर आलेला. मध्ये फक्त टेबल.

बाईंनी वाटी छातीशी धरली. पळाल्या नाहीत. बसमधला तो आवाज काढला, ओरडण्याच्या एक पायरी अलीकडचा. "मागे जा. बघतेय मी तुला."

मीही दोन पावलं मागे गेलो.

"तू नाही रे. तू पेटीचं झाकण वाजव."

मी झाकण दणादण आपटलं. अस्वलाने टेबलाखाली हुंगलं, बाक हुंगला, एकदा बाईंच्या हाताकडे पाहिलं आणि वळून चढावर पळत सुटलं.

ते परत आलं नाही. पुढे डेनिंगबाईंना ते वर डोंगरात बेऱ्या ओरपताना दिसलं, पोट जमिनीला टेकेल इतकं सुटलेलं. पिंजरा आला तसा रिकामा गेला. बाई म्हणाल्या, "पास झाला," आणि आर्विडना ते ऐकू आलं नाही म्हणून दोनदा म्हणाल्या.

ताट मला ओढ्यात सापडलं. काठावर चार दात उमटलेले. घासूनपुसून बाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी हात पुढे केला नाही.

"रिकामं? आपल्या गावात रिकामं ताट परत देतात? तुझ्या आईला विचारू का?"

मी पाई करून पाहिली. आर्विडनी ती सुरीने ठोकून ही छपरावर घालायची का असं विचारलं. दुसरी करपली. तेवढ्यात शिखरांवर बर्फ दिसायला लागलं आणि दोघं हिवाळ्यापुरती उबेला ॲरिझोनाला निघाली. घरगाडी जोडून झाल्यावर बाई सवयीने रिकाम्या जागेत शेवटपर्यंत चालत गेल्या, टेबलाखाली वाकल्या, परत आल्या.

"काही राहिलं का?" मी विचारलं.

"तुझ्याकडे राहिलंय," त्या म्हणाल्या आणि गाडीत चढल्या.

ताट माझ्या खोलीत खिळ्याला टांगलेलं आहे. तिसऱ्या पाईच्या बेऱ्या मीच खाऊन टाकल्या.