मी वगळलेलं पान

माझी लेक साडेचार वर्षांची असताना तिला सापांचं वेड लागलं. मी तर सापाचं नुसतं चित्र दिसलं तरी नजर फिरवते. पण तिला जे आवडतं तेच वाचून दाखवायचं, असं मी ठरवलं होतं. म्हणून दर शनिवारी मी रांझीच्या आमच्या क्वार्टरहून बसनं सदर बाजारातल्या वाचनालयात जायची आणि तिथल्या दीदींना विचारायची, "सांपों वाली कोई नई किताब आई है क्या?"

पुस्तकं हिंदीत असत, मी मराठीत सांगायची. एका पुस्तकात डाव्या पानावर कवड्या होता, बिनविषारी. उजव्या पानावर तसाच दिसणारा विषारी मण्यार, जबडा वासलेला. ते पान मला बघवायचं नाही. मी डावं वाचून झटकन पुढे जायची.

पावसाळ्यातल्या एका सकाळी मी क्वार्टरच्या मागे कपडे वाळत घालत होते. लेक विटांच्या ढिगाशी उकिडवी बसली होती.

"काय करून राहिली तिथे?"

"कवड्या आहे, आई. झोपलाय."

काळ्या अंगावर पांढरे पट्टे. तिच्या पायापासून वीतभर अंतरावर. ओरडले तर ती दचकून त्याच्यावरच पडेल असं वाटलं.

"हळूच माझ्याजवळ ये."

"काहून? तो चावत नाही."

"मला भीती वाटून राहिली, बेटा."

हे ऐकून ती उठली आणि मला धीर द्यायला आली. मी तिला उचलून घरात नेलं, दार लावलं. शेजारच्या भैयांनी साप पकडणाऱ्याला बोलावलं. त्यानं साप बरणीत घातला आणि माझ्याकडे वळला. "करैत है, दीदी. बच्ची ने छुआ तो नहीं?"

करैत म्हणजे मण्यार. मी नाही म्हणणार, तेवढ्यात लेक म्हणाली, "थोडासा. शेपटीला."

हॉस्पिटलात तिचे हात-पाय तपासले. खूण कुठेच नव्हती. पण डॉक्टर म्हणाले की मण्यारच्या चाव्याची खूण कधीकधी दिसतच नाही, चोवीस तास ठेवू, पापण्या जड होतात का बघत राहा. दुपारी दोनला तिचे डोळे मिटायला लागले. रोज याच वेळी ती झोपते हे मला माहीत होतं, तरी मी तिला गदागदा हलवलं. सिस्टर धावत आल्या, टॉर्चनं डोळे पाहिले, तिला बोलतं केलं. "नींद है, बस," त्या म्हणाल्या. माझा विश्वास बसेना. ती उठून बिस्किट मागेपर्यंत मी तिच्या छातीवर हात ठेवून बसले.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. मी तेच पुस्तक उघडलं आणि मण्यारचं पान तिला पहिल्यांदा वाचून दाखवलं.

"हे आधी का नाही सांगितलं?"

"मला या चित्राची भीती वाटत होती."

ती सरकून मला चिकटून बसली आणि म्हणाली, "आता पुन्हा वाच."