विहिरीत उतरलेले शिंपले

माणसांच्या वाट्याची सगळी माया शिंपल्यांवर उधळणारा गृहस्थ उभ्या जगात एकच असेल, आणि तो देऊळगाव राजात आमचा घरमालक आहे. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर सकाळी चहा घेऊन अंगणातल्या हौदाशी बसतात, ते चहा गार होऊन त्यात मुंगी पडेपर्यंत. धरणाच्या गाळातून आणलेले शिंपले तळाशी स्वस्थ पडलेले असतात. ते काहीच करत नाहीत, आणि सर ते तासन्‌तास पाहतात. नळाची तक्रार घेऊन गेलो तरी मला शिंपल्यांचं बाळंतपण ऐकूनच परतावं लागतं.

"समुद्रातला शिंपला पिल्लं पाण्यात मोकळे सोडून देते," ते डोळे मिटून सांगतात. "नदीत तसं केलं तं धार समद्याइले वाहून नेईन. मंग लाखो वर्सांत नदीतल्या मायनं काय केलं? पिल्लं आपल्याच कल्ल्यात वाढवले, अन् मंग माशाच्या कल्ल्याले चिटकून देले. मासा नेते धारेच्या उलटा. जागा पसंत पडली की उतरले खाली!" ऐकता ऐकता आपणही कुणाच्या तरी कल्ल्याला धरून संथ चाललो आहोत, असं मला वाटू लागतं.

यंदा हौदातल्या माशांना पिल्लं चिकटल्याची सरांची भिंगातून खात्री झाली. इतकी वर्षं वाट पाहिलेला एखादा बाळशिंपला आता दिसणार होता. पण घट बसायचे म्हणून सरांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, हौद उपसून घासला. शिंपले बादलीत ठेवले आणि मासे शेजारच्या विहिरीत सोडले. विहीर सरांच्या धाकट्या भावाची. वाटणीपासून भावाभावांचं बोलणं बंद. जावाजावांचं मात्र एक दिवसही बंद पडलेलं नाही.

"काऊन सोडले तिथं?"

"मंग काय चुलीवर ठेवू?" काकू म्हणाल्या.

सर धड जेवेनात. शेवटी एका संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, मला सोबत घेऊन, ते भावाच्या फाटकाशी उभे राहिले.

"तुह्या विहिरीत माह्ये मासे हायेत. त्याइच्या कल्ल्यात पिल्लं हायेत शिंपल्याचे."

भाऊ म्हणाला, "काढून देऊ का, दादा?"

"नको. उतरले असतीन आता तळाले. त्याइले पसंत पडलं तिथं. मी येऊन पाहत जाईन फक्त."

"ये ना. कोन नाही म्हनते?"

आता रोज दिवस कलला की दोघे भाऊ विहिरीच्या कठड्यावर बसून खाली पाहतात. काळ्या पाण्यात आभाळाशिवाय काही दिसत नाही. बोलणंही फारसं होत नाही. पिल्लं डोळ्यांना दिसण्याइतकी व्हायला काही वर्षं लागतील, असं सर म्हणतात. दोघांची वयं पाहता जीव थोडा घाबरा होतो, तरी त्या शिंपल्यांनी मुळीच घाई करू नये, असं मला मनापासून वाटतं.