कॅन्टीनमधली लढाई

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही हो. रिकाम्या खोक्यांसारखे कोपऱ्यात साठत जातात आणि एक दिवस येण्याजाण्याची वाट अडवतात. कडकोळच्या आमच्या पुठ्ठ्याच्या फॅक्टरीत एरवी वर्षाकाठी दोन-तीन जमायचे. पण सीमेवर लढाई पेटली आणि आठवडाभरात ढीग लागला! लढाई पार उत्तरेला, आम्ही मैसूरला. पण कॅन्टीनच्या भिंतीवर टीव्ही होता ना! तिथलं बोलणं सगळं कानडीत व्हायचं, मी आपलं मराठीत सांगतोय.

*

चॅनेलवाले बातम्यांच्या मागे सायरन लावायचे. पहिल्यांदा तो वाजला आणि अकाउंट्सचे मूर्ती ताटासकट टेबलाखाली! सांबार सगळं शर्टावर. आम्ही हसलो. हसताना मीही टेबलाखालची जागा बघून ठेवली होती, ते कुणाला दिसलं नाही एवढंच.

पुढे कान सरावले. एका दुपारी सायरन वाजत राहिला तरी कुणी मान वर केली नाही. शेवटी मूर्ती वैतागले, "अरे, आवाज कमी करा त्याचा!"

वाढपी म्हणाला, "सार, टीव्ही बंद आहे."

खिडकीतून धूर आत यायला लागला होता.

गोडाऊनमधल्या रद्दी पुठ्ठ्याला आग लागली होती. विझली वेळेवर. पण त्यानंतर मूर्ती जेवताना सारखे खिडकीकडे बघायचे.

*

नजरबादला मी आणि आई राहतो. ब्लॅकआउटचा सराव होणार असं जाहीर झालं. संध्याकाळी घरी पोचलो तर सगळीकडे अंधार. आईनं फ्रिजसुद्धा बंद केलेला! हॉलमध्ये तेवढा जाड घोंगडीतून निळसर उजेड झिरपत होता. घोंगडीखाली टीव्ही, आणि टीव्हीला चिकटून आई.

"अगं, टीव्ही कशाला चालू ठेवलास?"

"अय्यो! तो बंद केला तर सगळं संपलं हे मला सांगणार कोण?"

हसत हसत तिचा हात धरला. बातम्या संपेपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही.

*

आमच्या डिझाइनमधल्या प्रसन्नाला व्हिडिओ पाठवायची भारी हौस. एका सकाळी त्यानं ग्रुपवर आगीचा डोंब पाठवला, 'शत्रूचं शहर बेचिराख' असं लिहून. टाळ्या, झेंडे, शाबासक्या! मी जरा थांबवून बघितलं, तर आगीच्या मागे कानडीत पाटी : 'तेंगिनकायी मंडी.' नारळाची वखार!

"प्रसन्ना, ही तर आपल्या नंजनगूड रोडवरची आग रे. गेल्या वर्षीची!"

प्रसन्ना ढिम्म. "तिकडे काय कानडी माणसं राहत नसतील?"

हा किस्सा सांगायला मी डिस्पॅचमध्ये सुधाक्कांकडे गेलो. सुधाक्का आमच्याच, घरी मराठी बोलणाऱ्या रंगारी समाजातल्या; फॅक्टरीत त्यांच्याशी तेवढं माझं मराठीत चालतं. मुलगा सैन्यात, तेव्हा सीमेवरच होता. बाई खोक्यांच्या थप्पीवर बसलेल्या, फोन मांडीत. फोनवर तोच डोंब. फक्त खाली लिहिलेलं वेगळं होतं : 'आपलं ठाणं उडवलं.' ठाण्याचं नाव त्यांच्या मुलाच्याच ठाण्याचं.

मी त्यांना पाटी मोठी करून दाखवली. त्यांनी एकेक अक्षर वाचलं. दोनदा वाचलं.

"हो, तेंगिनकायी," त्या म्हणाल्या. "पण मग त्याचा फोन का लागत नाही?"

*

नवाझ आमचा कटिंग मशीनवरचा. नंजनगूडहून रोज रेल्वेनं यायचा. त्या दिवसांत टीव्हीवर चर्चा तापली की सगळ्यांच्या नजरा उगाचच त्याच्या डब्याकडे वळायच्या. एकदा कुणीतरी गोड आवाजात विचारलंच, "काय नवाझ, तुमच्याकडे काय म्हणतात?"

"आमच्याकडे? नंजनगूडला?" नवाझनं घास गिळला. "केळी महाग झाली म्हणतात."

सगळे हसले. तोही हसला. पण दुसऱ्या दिवसापासून तो मशीनपाशीच जेवायला लागला, आणि संध्याकाळी स्टेशनपर्यंत मूर्तींच्या स्कूटरवरून जायला लागला. एकट्यानं चालत जायची भीती वाटते, असं त्यानं फक्त मूर्तींना सांगितलं होतं; मला ते पुढे मूर्तींकडूनच कळलं.

*

सुधाक्कांच्या मुलाचा फोन आला तो ऐन डिस्पॅचच्या गडबडीत. त्यांच्या दोन्ही हातांत खोकी होती, म्हणून स्पीकर मीच लावून दिला.

"आई, मैसूरला ब्लॅकआउट होता म्हणे! टीव्हीवर दाखवलं. तू एकटी, घाबरली नाहीस ना?"

"मी? मला काय होतंय! तू कसा आहेस? तुमचं ठाणं..."

"उडालं! आम्हीपण बघितलं टीव्हीवर. त्याच ठाण्यात बसून चहा पीत होतो!"

सुधाक्का हसल्या. फोन ठेवल्यावर एकाच खोक्याला तीन-तीनदा टेप लावत राहिल्या.

*

लढाई थांबल्याची बातमी आली तेव्हा आम्ही सगळे जेवत होतो. कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला. मग प्रसन्नानं चमचा ताटात आपटला.

"छे! आता कुठे रंगत आली होती! अजून थोडे दिवस चालायला पाहिजे होती!"

दोघा-तिघांनी माना डोलावल्या. सुधाक्का समोरच ताक पीत होत्या. त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"प्रसन्ना, तुमचा मुलगा आता केवढा झाला?"

"सहा वर्षांचा, अक्का. पहिलीत गेला यंदा."

"असू दे," त्या म्हणाल्या. "भरतीला वेळ आहे अजून."

आणि ताट घेऊन हात धुवायला गेल्या.