ऊन चढायच्या आत

कराडच्या स्टँडवर माझे वडील, नाना, आम्हाला सोडायला आले होते. बाकीचे सगळे जावयाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कारखान्याबद्दल विचारत होते, आई माझ्या पिशवीत आणखी एक चटणीचा डबा कोंबत होती आणि नाना माझ्या लहानग्या मुक्ताला कडेवर घेऊन लांब उभे होते. गाडी सुटायची वेळ झाली तेव्हा त्यांनी तिला माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "पोरीला घरात कोंडू नकोस." बस. डोळ्यांत पाणी नाही, 'जपून जा' नाही.

कराडात राहिलेल्या माझ्या चुलत भावंडांनो, तुम्हाला त्यांचा स्वभाव ठाऊक आहे. मे महिन्यात ते आपल्याला आगाशिवच्या डोंगराकडे न्यायचे. निवांत डबे भरून निघायचं, झाडाखाली सतरंजी पसरायची, नाना स्वतः कांदा चिरून भडंग कालवायचे, मग सगळ्यांनी आडवं व्हायचं आणि उन्हं कलल्यावर भांडत-भांडत घरी. खर्च म्हणाल तर चुरमुऱ्यांचा. आपल्याला वाटायचं, जगात उन्हाळा असाच असतो.

इंदूरने माझा हा गैरसमज पहिल्याच वर्षी काढला. कराडच्या हिशेबाने मी मुक्ताला भर दुपारी, डोक्याला टोपी घालून, जवळच्या बागेत नेलं. घसरगुंडीला हात लावताच ती किंचाळली आणि घरी पोचेपर्यंत तिचा घोळणा फुटला. फ्रॉकवर रक्त बघून शेजारच्या पुराणिकबाई आधी घाबरल्या, मग हसल्या. त्या छत्रीबागेतल्या जुन्या मराठी घरातल्या. त्यांच्या पणजोबांनी संस्थानात कारकुनी केली, पण बाई सांगायला लागल्या की ती दिवाणगिरी वाटते.

"वहिनी, असं कोण करतं भला?" त्या म्हणाल्या. "इकडे मई-जूनमध्ये सूरज निघाला की घूमना खतम. अंधेऱ्यात निघायचं आणि धूप चढायच्या आत वापस. महाराष्ट्रातून येणाऱ्यांना हे समजतच नाही."

टोमणा होता, पण खरा होता. मी शिकले. माझ्यासारखे जे घर सोडून तापत्या गावांत येऊन पडलेत, त्यांनीही हेच शिकलेलं असणार. मॉलमध्ये थंडगार बसता येतं, पण तिथे मूल दर काचेपुढे हट्ट धरून बसतं. म्हणून आम्ही चार घरच्या बायांनी मिळून आमच्या सहली ठरवल्या. कधी तलावाचा काठ, कधी बाग, परतताना कोपऱ्यावरचे पोहे. सगळ्यांत लाडकी जागा म्हणजे बेटम्याच्या पुढचं एक शेत. मी पलासियाच्या कोचिंग क्लासात शिकवते, तिथल्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचं. मोटर सुरू केली की हौदात धो-धो पाणी पडतं आणि पोरं त्यात म्हशींसारखी डुंबतात. शाळेच्या व्हॅनवाल्याला सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि प्रत्येक वेळी एका आईने मुलांबरोबर जायचं.

आई गेली आणि नाना एकटे पडले. त्यांना मी कायमचं इंदूरला आणलं. ते इथे रमावेत, एवढंच मला हवं होतं. बेटम्याची सहल ऐकून ते प्रवासभर गप्प बसलेले गृहस्थ पहिल्यांदा खुलले. जयसिंगपूरचे चुरमुरे त्यांनी ट्रंकेतून आणलेच होते.

पहिल्या खेपेला ते गेले आणि पोरांना हौदातून बाहेर काढायच्या वेळी त्यांनी आंब्याखाली सतरंजी पसरली. मीच होते बरोबर. "नाना, निघायला हवं," मी म्हणत होते आणि ते कांदा चिरत होते, बारीक, एकसारखा, जसा ते आपल्यासाठी चिरायचे. "उपाशी पोटी पोरं न्यायची का? ज्याला घाई त्याने घरी बसावं." पोरांनी दोन घास खाल्ले, तिखट म्हणून तोंडं वाकडी केली. व्हॅन निघाली तेव्हा लू, ते भाजून काढणारं गरम वारं, सुरू झाली होती. पुराणिकबाईंचा नातू रस्ताभर ओकत आला. मुक्ताच्या मैत्रिणी नाकाला रुमाल लावून तिच्याकडे बघत होत्या, जणू तिनेच ओकलं. नाना मागच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसले होते. झाकण लावायला विसरले होते.

पुढच्या सहलीलाही पाळी माझीच होती. आदल्या संध्याकाळी मुक्ता मला म्हणाली, "मम्मा, आजोबांना नको ना घेऊ यार. ते खूप स्लो आहेत. सगळे माझी मजाक करतात."

"ते येणार आहेत," मी म्हटलं, आणि विषय संपला असं मला वाटलं. नऊ वर्षांच्या मुलीला मी ओळखतच नव्हते.

पहाटे आम्ही खाली उतरलो तर नाना आमच्या आधी फाटकाशी. अंघोळ झालेली, धुतलेली टोपी, पायांत कॅनव्हासचे बूट. या वेळी डबा नव्हता, फक्त पाण्याची बाटली. आपण शिकलो हे दाखवायला ते अंधारात उठून बसले होते. व्हॅन आली, पोरं चढली, त्यांच्यामागून मी चढले, आणि नातवाला पोचवायला आलेल्या पुराणिकबाईंनी नानांना बघून डोळे मोठे केले.

"अरे नानाजी, आपण? मुक्ता तर कल म्हणत होती की आपली तबियत एकदम खराब आहे, आप येणार नाही. तुमच्या जागेवर मी शर्माजींच्या मुलीला बसवलं ना."

नानांनी व्हॅनच्या खिडकीकडे बघितलं. मुक्ताने तोंड फिरवलं नाही. मला वाटलं होतं ती रडेल, निदान खाली बघेल. ती सरळ त्यांच्याकडे बघत होती, आता हे काय करतात ते पाहायला.

"हो," नाना म्हणाले. "जरा बरं नाहीये. मी सोडायला आलो होतो."

मी उतरायला लागले, तर त्यांनी बाहेरून दार लोटून दिलं. "चार घरची पोरं आहेत तुझ्याबरोबर. ऊन चढेल, निघा." व्हॅन वळेपर्यंत ते हात हलवत होते. नातीने खोटं बोलून हाकललेला माणूस तिचीच लाज राखत उभा होता, आणि ती पुढच्या वळणावर गाणी म्हणायला लागली. तेव्हा मला माझ्या पोटच्या पोरीची किळस आली. आईने असं लिहू नये म्हणतात. मी लिहिते.

आणि सांगायचं म्हणजे, सहल अगदी छान झाली. पोरं वेळेवर बाहेर निघाली, कोणी ओकलं नाही, ऊन चढायच्या आत सगळी घरी. पुराणिकबाई म्हणाल्या, "देखा, किती बढिया झालं!"

नानांनी मुक्ताला शब्दानेही विचारलं नाही. रोज तिच्याशी पत्ते खेळले, तिला जिंकू दिलं. त्याच आठवड्यात जावयाला कराडचं तिकीट काढायला सांगितलं. मी खूप रडले, समजावलं. "इथलं ऊन सोसत नाही मला," एवढंच त्यांचं उत्तर. मुक्ताला मी बसवून विचारलं, तर ती म्हणाली, "पण त्यांनीच तर म्हटलं ना बरं नाहीये." तिच्या हाती ते ही ढाल देऊन गेले होते.

यंदा सुट्टी लागायच्या आधी मी फोन केला. म्हटलं, नाना, आम्ही येतोय, मुक्ताला डोंगरावर न्या. ते अगदी गोड बोलले. जावयाची, माझ्या क्लासची चौकशी केली. मग म्हणाले, "तुझ्या खोलीत मी नर्सिंगच्या दोन मुली ठेवल्यात. गुणी आहेत. संध्याकाळी माझ्याबरोबर संगमावर येतात. सावकाश चालतात."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्या सुट्टीत गावी जातात का, विचारून बघतो. तुमचं यायचं नक्की झालं तर आधी कळवा."

पाहुण्यांना सांगतात तसं, आदराने सांगितलं. फोन ठेवला तर मुक्ता दारात उभी. तिने बॅगही काढून ठेवली होती.

"मम्मा, कराडला कधी जायचं आपण?"

मी म्हटलं, "विचारलंय. हो म्हणाले तर जाऊ."