लोडशेडिंगच्या वेळेतला पियानो

अख्ख्या बदलापुरात लोडशेडिंगवर मनापासून प्रेम करणारी एकच बाई होती, आणि ती नेमकी आमच्या घरात निघाली. माझी आत्या. दिवे गेले की आमच्या कात्रपच्या बिल्डिंगमधून शिव्यांचा असा जयघोष उठायचा की विचारू नका; आत्या मात्र "चला, गेले एकदाचे!" म्हणत पियानोचं झाकण उघडायची. दिव्यांबरोबर पंखे जातात, वरच्यांचा मिक्सर जातो, समोरच्यांच्या टीव्हीतली सासू गप्प होते, आणि मग म्हणे तिच्या फ्रेंच संगीतातले खरे हळू सूर ऐकू येतात. लोडशेडिंगचं वेळापत्रक पेपरातून कापून तिने पियानोच्या वर, बुद्धाच्या तसबिरीखाली चिकटवलं होतं. लोक कॅलेंडरात सणवार बघतात तसं ती ते बघायची.

बुवापाड्यातल्या कामगाराची मुलगी पियानोपर्यंत पोचली कशी, असं विचाराल, तर मुंबईच्या ऑफिसात टायपिस्ट असताना ती रोज जेवणाच्या सुट्टीत एका गोवेकर म्हाताऱ्याकडे शिकली. डबा कधी खायची, कुणास ठाऊक. घरी पियानो यायला मात्र पुढे वीस वर्षं लागली. तोवर सराव जेवणाच्या टेबलावर. आम्ही वरण ओरपतोय आणि ताटाशेजारून आत्याची दहा बोटं धावतायत, हे आमच्याकडे रोजचंच. पप्पा, म्हणजे तिचे थोरले भाऊ, पाहुण्यांना सांगायचे, "आमची बहीण टेबल फार सुंदर वाजवते." शेवटी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात एका सिंधी शेठकडे तिला खराखुरा पियानो दिसला. शेठ तो मोडून त्याचं शोकेस करायच्या बेतात! आत्याने तिथेच उभ्याउभ्या चार ओळी वाजवल्या. शेठ बघतच राहिला. म्हणाला, "बहनजी, पैसा लकड़ी का दे दो, आवाज़ फ्री में ले जाओ."

पप्पांचं या संगीताबद्दल मत पक्कं होतं. "सुरू कधी झालं, संपलं कधी, पत्ताच लागत नाही. आपली गाणी कशी, माणूस उठून उभा राहतो!" आत्या हसून सोडून द्यायची. पण एकदा मला म्हणाली, "दादाने मला कधी ऐकलंच नाही गं. मी वाजवायला बसले की त्याचं काहीतरी चालूच असतं." तिच्या मनात ते सलत होतं. म्हणून रिटायर झाल्यावर तिने विहाराच्या हॉलमध्ये एकटीचा कार्यक्रम ठरवला. बहुतेक सगळं फ्रेंच. आणि वेळ? मे महिन्यातली संध्याकाळ, साडेसात, बरोब्बर लोडशेडिंगची! लोक साखरपुडे जी वेळ टाळून धरायचे, ती हिने मुद्दाम निवडली. स्टेजवर दोन कंदील, बस्स.

जयंतीला ट्रक सजवणाऱ्या पोरांनी पियानो टेम्पोतून आणला. त्रिशरण-पंचशील झालं. हॉल गच्च. साडेसातला दिवे गेले, आत्याने हात उचलले, आणि बाहेर धडधडधडधड! ट्यूबलाइट लखलखल्या, पंखे गरगरले, आणि माझ्या शेजारी बसलेल्या पप्पांची छाती फुगली. कुणालाही न सांगता त्यांनी जनरेटर आणून ठेवला होता! "बहिणीच्या कार्यक्रमात अंधार? नाक कापलं जाईल आपलं!"

आत्याने हात मांडीवर ठेवले आणि नुसती बसून राहिली. लोकांना वाटलं, झालं. पुढच्या रांगेने टाळ्याही वाजवल्या. मग ती शांतपणे म्हणाली, "दादा, आधी त्याचं संपू दे. मग मी वाजवते." पप्पांना काही उमजेना. मी कानात सांगितलं, "पप्पा, तिला अंधारच हवा होता. तुम्हाला नीट ऐकू यावं म्हणून." त्यांचा चेहरा उतरला. ते उठले. बाहेर जनरेटरवाला "काका, डिझेल फुल आहे, टेन्शन नको," म्हणत असताना स्वतःच्या हाताने तो बंद करून आले.

आणि मग काय वाजवलं हो तिने! सुरुवातीला गळक्या माठासारखं थेंब थेंब, मग असं काही सुसाट की टेम्पोवाल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि आत्याने मान लववून त्या स्वीकारल्या. घामाच्या धारा लागल्या होत्या, पण कुणी पुठ्ठ्यानेही वारा घेईना. शेवटचं इतकं हळू होतं की कंदिलाची वातसुद्धा मोठी वाटावी. सूर विरला. टाळी नाही, काही नाही. जो तो अजून ऐकतच होता. त्या शांततेत पप्पांचा आवाज आला.

"संपलं?"

"हो, दादा."

"मग परत वाजव!"

पाहते तर पप्पा उठून उभे होते. त्यांच्यामागे सगळा हॉल उभा राहिला, आणि टाळ्या अशा कडाडल्या की जनरेटरने लाजावं.

आता लोडशेडिंग गेलं. आत्याचा डावा हात चालत नाही. कधी अवचित दिवे गेले, तर पप्पा काठी टेकत आधी जाऊन इन्व्हर्टर बंद करतात आणि पियानोजवळ खुर्ची ओढून बसतात. आत्या उजव्या हाताने जमेल तेवढं वाजवते. दिवे हल्ली फार लवकर येतात.