मामांची भरल्या अंगाची सायकल

आख्ख्या पुणे जिल्ह्यात दुकानातली सगळ्यात जड रेसर सायकल पारखून निवडणारा आणि वर ती छाती काढून घरी आणणारा माणूस एकच आहे, आणि ते माझे सख्खे मामा आहेत. मामा केंदूरचे. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. आता रानात कांदा असतो आणि मामा कारेगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला जातात. मेंढरं गेली, पण हात मेंढक्याचेच राहिले. बाजारात मेंढरू घ्यायचं तर पोटाखाली हात घालून उचलायचं, डोळे मिटायचे आणि वजन सांगायचं. जे भरेल ते चांगलं. सायकलच्या दुकानात मामांनी तेच केलं. एकेक सायकल नळीखाली हात घालून उचलायची आणि खाली ठेवत निकाल द्यायचा, "ही आजारी दिसती. ही उपाशी हाय." कोपऱ्यातली एक उचलताना मात्र त्यांचा चेहरा उजळला. "ही बघ, अंगानं भरल्याली! हीच घ्यायची." मी आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट, तोही बी.एस्सी., फिजिक्स घेऊन. मला राहवेना. म्हटलं, "मामा, सायकल जेवढी हलकी तेवढी भारी असते." मामा म्हणाले, "मंग सायकलच कशाला? मोकळाच पळ की, लई हलकं वाटंल!" दुकानदारासमोर माझी डिग्री तिथंच मिटली.

दर रविवारी कारखान्यांतल्या पोरांचा एक घोळका शिरूरहून न्हावरा, इनामगाव करत दौंडला सायकली हाणतो. त्यात मामाही, आणि मामांच्या मागं मी. सगळ्यांच्या अंगाला चिकटणाऱ्या चड्ड्या, मामांचीही तशीच, पण वरून पायजमा. "वाटंत दोन पाव्हन्यांची गावं हायेत, तसलं दाखवत कसं जायाचं?" पोरं पाकिटातली गोड चिकट जेली चोखतात, मामा शेंगा-गूळ खातात आणि हेल्मेट टोपीवरच चढवतात. रस्त्यात एखादा म्हातारा दुधाचे कॅन लावून सायकलवर चाललेला दिसला, तर "आप्पा, म्होरं जाऊ का?" असं विचारल्याशिवाय त्याला मागं टाकत नाहीत. एकदा एका आप्पांनी "थांब जरा, बोलत जाऊ" म्हटलं, तर मामा दोन मैल त्यांच्याबरोबर कालव्याच्या पाण्यावर बोलत गेले, आणि तरीही दौंडला चहाच्या टपरीवर सगळ्यांच्या आधी पोचले. पोरं म्हणायची, "मामा, आता अपग्रेड करा." मामा मागं वळून विचारायचे, "कुनी? मी का तुमी?"

मागच्या वर्षी हे उत्तर हळूहळू बंद पडलं. आधी एक जण पुढं गेला, मग तिघं, मग सगळेच. मामांना त्याचं फार वाटलं नाही. त्यांना लागली ती दुसरीच गोष्ट. दौंडला पोचून पोरं चहा न सांगता बसून राहायला लागली, "मामा येऊ देत" म्हणून. असा मान मिळाल्यानं मामा कष्टी झाले. परतताना मला म्हणाले, "माझ्यापायी च्या थांबतुया. एक तर सायकल म्हातारी झाली, न्हाईतर मी. कोन, त्ये कळल्याबिगर नवी घ्यायची न्हाई."

पुढच्या रविवारी त्यांनी आमच्यातल्या सगळ्यात चपळ इंजिनिअरशी सायकलींची अदलाबदल केली. पोरगा उत्तरेकडचा. "मामाजी, कार्बन है, आराम से," म्हणून त्यानं आपली पिसासारखी सायकल मामांच्या हातात दिली आणि स्वतः मामांच्या त्या धुडावर बसला. दौंडला तोच पहिला आला, घामानं निथळत. मामा पिसावर बसून शेवटी आले. मामांनी सायकल भिंतीला टेकवली, टोपीनं तोंड पुसलं आणि म्हणाले, "सायकलीचा काय दोष न्हाई. च्या सांगा."

मला वाटलं, विषय मिटला. तर बुधवारी फोन, "सुट्टी टाक. हलकी सायकल आनायला जायचं हाय."

"अहो मामा, दोष सायकलीचा नाही म्हणालात ना?"

"न्हाईच. म्हनून तर घ्यायची. पाय हुते तवर हलकी कशाला पायजे हुती? आता पायजे."

तीन वर्षांचं फिजिक्स बाजूला ठेवून मी सुट्टी टाकली.

नवी सायकल घेऊन मामा पहिल्यांदा निघाले त्या रविवारीही पोरं पुढं निघून गेली. इनामगावच्या पुढं दोन्हीकडं ऊस आणि रस्त्यावर आम्ही दोघंच. थोडा पुढं गेलेला मी गिअर उतरवला, वेग कमी केला आणि त्यांच्या शेजारी आलो.

"का रं, माझ्यासाठी हळू चालवतुस व्हय?"

"न्हाई मामा, दम लागलाय."

सात वर्षांच्या मेंढराला कुणी चार वर्षांचं म्हटलं तर भर बाजारात मेंढराचे दात दाखवून त्याला खोटं पाडणारा हा माणूस. त्यानं माझ्याकडं एकदा नीट पाहिलं, खिशातून मूठभर शेंगा काढून माझ्या हातावर ठेवल्या, आणि म्हणाला, "मंग चल बेतानं. मी हाय संगं."