आमच्या घरचीच ती

हंगेरीचा सिनेमा बघायला मी कशाला बसले असते? पण नात म्हणाली, "आजी, यू विल लाइक इट. इट्स अबाउट अ फॅमिली." मग काय, दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या हॉलमध्ये शनिवारी भर दुपारी पडदे ओढून बसलो दोघी. मुलगा-सून सामान आणायला गेली होती. खाली सतरंजीवर आमच्याकडे राहून काम करणारी बाई लसूण सोलत होती.

तिचं आधी सांगते. ती आंध्रातली, गोदावरी समुद्राला मिळते तिथली. मी नाशिकची. ती आली त्याच दिवशी मी म्हटलं, उगम माझ्याकडे, शेवट तुझ्याकडे, आपण एकाच नदीच्या लेकी. तिचं नाव माझ्या तोंडी बसेना, म्हणून सुटसुटीत मराठी नाव ठेवलं. माझंही सासरी आल्यावर ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून बदललंच होतं की, मी कुठे कुरकुर केली? आणि बजावलं, मॅडम-बिडम नाही, मला आई म्हणायचं. चार वर्षं ती मला आई म्हणत होती. आल्यागेल्याला मी कौतुकाने सांगायची, ही आमच्या घरचीच.

सिनेमात एक माणूस एका मुलीला घरात कोंडून ठेवतो आणि तिने त्याची लेक व्हायचं असतं. खालची इंग्रजी अक्षरं माझ्या डोळ्यांना सापडेपर्यंत पळून जायची, म्हणून नात सांगत होती. "शी हॅज टु कॉल हिम पापा, आजी." जेवताना तो काहीतरी बोलतो आणि मुलगी खळखळून हसते.

"अगं, मग ही हसते कशी?" मी विचारलं.

उत्तर खालून आलं, हिंदीत. लसणावरची नजर तिने काढली नव्हती. "अभी हँसेगी, आई. रोएगी बाथरूम में, नल चालू करके."

"हाउ डू यू नो? तुमने देखा है?" नात हसत म्हणाली.

"नहीं, बेबी."

मला हसू आलं नाही. मला आमचा नळ ऐकू यायला लागला. कितीतरी महिने दुपारी ही बाथरूममध्ये गेली की नळ वाहतच राहायचा, आणि मी दारावर थाप मारायची, अगं वाळवंटात राहतो आपण, पाणी किती सोडतेस.

कधीपासून, तेही आठवलं. रमजानच्या आधी तिची आई अंथरुणाला खिळली, तेव्हा तिने गावी जायला सुट्टी मागितली होती. तिचा पासपोर्ट मुलाच्या कपाटात होता, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, आम्हा सगळ्यांच्या पासपोर्टांबरोबर. सून म्हणाली, "आई, ही गेली की परत यायची नाही. तुमचं गुडघ्याचं ऑपरेशन, माझं ऑफिस, कसं होणार?" मुलगा म्हणाला, "ईद होऊ दे, मग बघू." ईद झाली, उन्हाळा गेला, दसराही होऊन गेला. पण तिला अडवलं ते मीच. तिचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "मी तुझी आईच ना? मला अशी टाकून जाशील?" तिने पुन्हा विषय काढला नाही. मला वाटलं, मायेने थांबली.

सिनेमा चालूच होता. मी काठी घेऊन उठले, मुलाच्या खोलीत गेले, डबा उघडला. तिच्या पासपोर्टवरचं नाव बोट ठेवून वाचलं. चार अक्षरांचं चांगलं नाव होतं. अवघड अजिबात नव्हतं.

पासपोर्ट तिच्या हातात दिला. तिने लसणाचे हात पुसले, स्वतःचा फोटो बघितला, आणि तो ड्रेसच्या गळ्यात खोल सरकवला.

"थँक यू, मॅडम," ती म्हणाली.

चार वर्षांत पहिल्यांदा तिने मला मॅडम म्हटलं.

मुलगा-सून आल्यावर वादावादी झाली. "सिनेमा बघून असलं करतात का, आई?" सून म्हणाली. "आपण काय तिला कोंडलं होतं? आपल्याच टेबलावर जेवते ती."

"सिनेमातली पण टेबलावरच जेवत होती," मी म्हटलं. शेवटी मुलाने तिकीट काढलं. तीन दिवसांनी ती गेली. जाताना वाकून नमस्कार केला, एका छोट्या बॅगेत सगळं सामान मावलं होतं.

आठवड्याने मी फोन केला. पासपोर्टवरचं नाव घेऊन हाक मारली. पलीकडून आलं, "जी, मॅडम."

"माँ मिली?"

"मिली. पहचानती नहीं. मुझे अस्पताल की नर्स समझती है." मग म्हणाली, "बहन बोलती है, दशहरे तक सबको पहचानती थी."

माफी मागायलाच फोन केला होता, खरंच. पण खोटं कशाला लिहू, जिभेवर आलं ते निराळंच होतं. परत कधी येतेस? ते तेवढं गिळलं, आणि फोन ठेवला.